धाव : मोठ्या चाकाची दोनशे वर्षे

१/
हिंगोली जिल्ह्याच्या सेनगाव तालुक्यात पुसेगाव आहे. सेवागिरी महाराजांच्या यात्रेचे पुसेगाव साताऱ्याकडचे; हे मराठवाड्यातले. येथील काळी माती कापसाला मानवते, चाकाला मानवत नाही. पावसात ती फुगते, चाकाला लपेटते आणि त्याला रुतवून ठेवते. उंच केलेल्या जीपला आज थोराड टायर चढवले जातात. त्यामागचा प्रश्न या मातीत जीपच्या कितीतरी आधीपासून आहे.

२/
टायरला मराठीत जुना शब्द आहे : धाव. लाकडी चाकाच्या घेरापेक्षा किंचित लहान असे लोखंडी कडे लोहार घडवीत असे. तापले की ते प्रसरण पावे. तसेच धगधगते चाकावर चढवून वर पाणी ओतले जाई. कडे आकसे आणि तुंबा, आरे, पुठ्ठे एकमेकांत घट्ट आवळले जात. याला म्हणत धाव चढवणे.

३/
एकोणिसाव्या शतकाच्या प्रारंभी दख्खनमध्ये गाड्या विरळ होत्या. धान्य, मीठ, कापूस बहुतांशी वंजाऱ्यांच्या बैलांच्या पाठीवरून जाई. ज्या थोड्या गाड्या होत्या, त्यांची चाके ठेंगणी आणि भरीव असत; काही ठिकाणी तर अखंड दगडाची. अशी गाडी ओढायला अनेक बैल लागत.

४/
१८३६च्या सुमारास हे चित्र पालटू लागले. सोलापूर आणि इंदापूर भागात तेव्हा जमिनीची पाहणी चालू होती. त्या कामावरील गोल्डस्मिड आणि लेफ्टनंट गेसफर्ड या अधिकाऱ्यांच्या पुढाकाराने टेंभुर्णी येथे गाड्यांचा कारखाना निघाला. तेथे आऱ्यांच्या मोठ्या चाकांची, एका बैलजोडीला झेपेल अशी हलकी गाडी तयार होऊ लागली.

५/
मोठ्या चाकाने काय साधले? वीतभर उंचीचा दगड लहान चाकापुढे भिंतीसारखा उभा राहतो. मोठ्या चाकापुढे तो चढ होतो. अडथळा तोच, पण त्याच्याशी होणारा कोन बदलतो. बैलाच्या खांद्यावरचा हिसका कमी होतो.

६/
पण चाक एकटे मोठे होत नाही. चाक वाढले की आस वर जातो, आसाबरोबर साटा आणि दांडी वर जाते, आणि जू बैलाच्या खांद्याशी जुळेनासे होते. म्हणून गाडीच नव्याने जुळवावी लागते. शिवाय अरुंद लोखंडी धाव मऊ मातीत सुरीसारखी शिरते. तिने कापलेल्या खोल वाटेला मराठीने नाव दिले चाकोरी.

७/
चाकोरीवरचा उतारा वाऱ्यात सापडला. १८८८ मध्ये जॉन बॉइड डनलॉप यांनी हवा भरलेल्या टायरचे पेटंट घेतले. विसाव्या शतकात भारतातील बैलगाड्यांना असे टायर बसू लागले आणि लोकांनी त्या गाडीला ‘डनलॉप’ असेच नाव दिले. विशेष म्हणजे हे चाक जुन्या लाकडी चाकापेक्षा उंचीला लहान होते. तरीही मऊ जमिनीवर ते कमी रुतले, कारण जमिनीला टेकणारा त्याचा तळवा रुंद होता.

८/
मग जीप आली. १९४५ मध्ये ‘महिंद्रा अँड मोहम्मद’ ही कंपनी सुरू झाली. १९४८ मध्ये ती ‘महिंद्रा अँड महिंद्रा’ झाली आणि त्याच सुमारास विलीज जीपची जुळणी मुंबईत होऊ लागली. त्या जीपच्या टायरचे माप ६.००-१६, म्हणजे उभी उंची सुमारे २८ इंच. इंजिनाची शक्ती सुमारे ६० अश्वशक्ती.

९/
येथे एक गैरसमज दूर करावा लागतो. स्प्रिंगा उंचावून जीप ‘लिफ्ट’ केली की चौकट आणि बॉडी वर जाते. अखंड आस जागेवरच राहतो. चिखलात प्रथम अडकतो तो आसावरचा डिफरन्शियलचा गोळा, आणि त्याला वर नेते ते केवळ मोठे टायर. लिफ्टचे काम मोठ्या टायरला मडगार्डखाली जागा करून देण्याचे.

१०/
हिशोब पाहा. २८ इंचांच्या जागी ३१ इंचांचे टायर बसवले, तर आस वाढीच्या निम्मा, म्हणजे दीडच इंच वर जातो. पण घेर जवळजवळ ११ टक्क्यांनी वाढतो. मापकाचा काटा ६० दाखवील तेव्हा गाडी प्रत्यक्षात ६६च्या पुढे असेल.

११/
या दीड इंचाची किंमत गाडीचा प्रत्येक अवयव मोजतो. जड चाक फिरवताना इंजिन दमते, म्हणून क्राउन-पिनियनचे प्रमाण बदलावे लागते. तेवढ्याच ब्रेकला अधिक लांब तरफेशी झुंजावे लागते. स्टिअरिंगच्या सांध्यांवर ताण येतो. गुरुत्वमध्य वर सरकतो आणि वळणावर उलटण्याचा धोका वाढतो. टेंभुर्णीच्या गाडीला लागू होता तोच नियम : चाक एकटे मोठे होत नाही.

१२/
कंपनीलाही तो नियम चुकला नाही. २०२०च्या थारमध्ये २५५/६५ आर१८ मापाचा, सुमारे ३१ इंच उंचीचा टायर कारखान्यातूनच आला. पण त्यासोबत नवी चौकट आली आणि १३० ते १५० अश्वशक्तीची इंजिनेही.

१३/
कायद्याची भूमिकाही या अनुभवाशी जुळणारी आहे. मोटार वाहन अधिनियम, १९८८ याच्या कलम ५२ मध्ये वाहनातील बदलांवर निर्बंध आहेत. उत्पादकाच्या मूळ विनिर्देशांशी विसंगत बदल करता येणार नाही, असे सर्वोच्च न्यायालयाने जानेवारी २०१९ मध्ये स्पष्ट केले. पुण्याच्या एआरएआयसारख्या संस्था नमुन्याची चाचणी घेतात ती पूर्ण गाडीची. चाक, ब्रेक, वजन सारे एकत्र धरून.

१४/
मृगाच्या पावसानंतर काळ्या रानातल्या वाटेवर आजही डनलॉपचा रुंद माग आणि जीपच्या खोल नक्षीचा माग शेजारीशेजारी दिसू शकतात. एक उथळ, एक खोल. जमीन दोघांना एकाच मापाने मोजते : किती भार, किती तळव्यावर. चाकाची उंची ती शेवटी विचारते.