झाकली भिंत सव्वा लाखाची

भिंतीला कान असतात असं आपण म्हणतो. युरोपातल्या वॉलपेपरचा इतिहास वाचत गेलो तसं मला वाटायला लागलं, की भिंतीला तोंडही असावं. तिच्यावर काहीही चिकटवा, आत काय आहे ते ती कधी ना कधी बोलून दाखवतेच.

वॉलपेपरवर पुष्कळ लिहिलं गेलंय. नक्षी, रंग, विल्यम मॉरिस वगैरे. कागदामागच्या भिंतीबद्दल मात्र फार कोणी बोलत नाही. पण खरी मारामारी तिथेच चालली होती. कागद सपाट असतो आणि भिंत सपाट नसते, एवढाच सगळा प्रश्न. या एका प्रश्नाशी लोक चारशेहून जास्त वर्षं झगडले, आणि कोण कसं झगडलं ते ज्याच्या त्याच्या खिशावर ठरलं.

इंग्लंडमधल्या सर्वात जुन्या वॉलपेपरची गोष्ट गमतीची आहे. केंब्रिजच्या ख्राइस्ट्स कॉलेजात १९११ साली दुरुस्ती चालू असताना तुळयांवर चिकटवलेले छापील कागद सापडले. पुढच्या बाजूला मोठी डाळिंबासारखी नक्षी आणि पाठीमागे भलताच मजकूर! त्यात आठवा हेन्री गादीवर आल्याचा, म्हणजे १५०९ सालचा, जाहीरनामाही होता. थोडक्यात, छापखान्यातली रद्दी उलटी करून तिच्यावर नक्षी छापली होती. श्रीमंताघरी भिंतीवर विणलेले गालिचे किंवा भारी कापड असायचं. ज्यांना ते परवडत नव्हतं त्यांच्यासाठी ही कागदाची सोय.

आता त्या काळच्या भिंती डोळ्यांसमोर आणा. लाकडी सांगाडा, त्यावर बारीक लाकडी पट्ट्या, आणि त्यावर हाताने थापलेला चुन्याचा गिलावा. आपल्याकडे मातीत भुसा कालवतात, तसे तिथे गिलाव्यात जनावरांचे केस घालायचे. अशी भिंत कुठे फुगलेली, कुठे दबलेली, कोपरे काटकोनात नाहीत, आणि ओळंबा सोडला तर वर आणि खाली बोटभर फरक. नुसता चुना फासला तर हे काही खटकत नाही. आपल्याकडच्या जुन्या घरांत तरी कुठे खटकतं? चुन्याचा हात भिंतीच्या चढउतारांवरून तसाच फिरतो.

कागदाचं तसं नाही. खळ लावली की कागद ओला होऊन थोडा पसरतो आणि वाळताना आकसतो. आकसताना ताणला जातो. भिंतीत खळगा असेल तर त्याच्या तळाला चिकटून राहण्याऐवजी कागद त्यावरून तंबूसारखा ताणून बसतो. बोटाने टिचकी मारली तर पोकळ आवाज येतो आणि एखाद्या दिवशी खुर्चीची पाठ लागून तिथेच फाटतो. बारीक खडा राहिला असेल तर तो कागदाखालून डोकं वर काढतो. त्यात खिडकी बाजूला असली की संपलंच. तिरप्या उजेडात प्रत्येक उंचवट्याला आपली सावली मिळते. उभ्या पट्ट्यांची नक्षी तर वाकड्या भिंतीची सरळसरळ चुगली करते. म्हणून जाणते कारागीर अशा खोलीत पट्ट्या टाळून विखुरलेली फुलंपानं सुचवायचे, आणि कोपरा वळला की पुन्हा ओळंबा सोडून नव्या उभ्या रेघेपासून सुरुवात करायचे. ही रीत आजही तशीच आहे.

श्रीमंतांनी यावर काढलेला उपाय अगदी श्रीमंती होता. भिंतीला कागद लावायचाच नाही! अठराव्या शतकात चीनहून हाताने रंगवलेले कागद ईस्ट इंडिया कंपनीच्या व्यापारातून इंग्लंडात यायचे. गंमत म्हणजे माल चीनचा, पण कंपनीच्या नावावरून त्याला म्हणायचे ‘इंडिया पेपर’. आपला काही संबंध नसताना नाव मात्र आपलं. हे कागद इतके महाग, की ओल आलेल्या भिंतीवर ते चिकटवायची कुणाची छाती होणार? मग भिंतीवर लाकडी पट्ट्या ठोकायच्या, त्यावर कॅनव्हास ताणून बसवायचा, कॅनव्हासवर साधा कागद आणि त्यावर हा चिनी कागद. भिंत आणि कागद यांच्यात बोटभर हवा. भिंतीला फुगवटे असोत की खळगे, कागदाला पत्ताच नाही. शिवाय वेळ आली तर सगळं उतरवून ठेवता येई. यॉर्कशायरमधल्या हेअरवुड हाउसमध्ये टॉमस चिपेंडेलने १७६९ साली असा चिनी कागद लावून दिला होता. पुढच्या शतकात फॅशन बदलली आणि तो उतरवला गेला. १९८८ साली त्याच्या गुंडाळ्या त्याच इस्टेटीवर सापडल्या आणि आता तो पुन्हा तिथल्या एका खोलीत लागला आहे. मजुराच्या घरातला कागद असा कधीच परत येत नाही. तो गिलाव्याचे पोपडे घेऊनच निघतो.

मधल्या लोकांनी मधला मार्ग काढला. आधी भिंतीवर सरसाचं पातळ पाणी फिरवायचं, मग कोरा अस्तराचा कागद लावायचा आणि त्यावर नक्षीचा. अस्तर आडवं लावायचं आणि वरचा कागद उभा, म्हणजे दोन्हींचे सांधे एकावर एक येत नाहीत. किती साधी युक्ती! कोटाला अस्तर लावणाऱ्या शिंप्याला ही वेगळी समजावून सांगावी लागणार नाही.

एकोणिसाव्या शतकात कागद एकदम स्वस्त झाला. अखंड कागद काढणाऱ्या यंत्राचं पेटंट फ्रान्समध्ये लुई-निकोला रोबेरने १७९९ साली घेतलं. ब्रिटनमध्ये छापील कागदावर १७१२ पासून असलेला कर १८३६ साली उठला. १८३९ च्या सुमारास लँकेशायरमधल्या डार्वेनच्या पॉटर मंडळींनी कापड छापायच्या रुळांनी वॉलपेपर छापायला सुरुवात केली. आता गिरणी कामगाराच्या घरातही फुलांची भिंत आली. मात्र त्याच्या घरची भिंत होती तशीच राहिली. ओलसर, वाकडी, घाईत बांधलेली. पट्ट्या ठोकून कॅनव्हास ताणणं त्याला शक्य नव्हतं आणि अस्तराचा खर्चही जड. तो सरळ भिंतीवर पिठाची खळ फासायचा आणि जुन्या कागदावर नवा कागद लावायचा. थरावर थर. आत ओल, पीठ आणि अंधार. बुरशीला आणि ढेकणांना आणखी काय पाहिजे?

इथे ही गोष्ट नुसती सजावटीची राहत नाही. त्या काळचे लोकप्रिय हिरवे रंग आर्सेनिकचे होते. शेले या स्वीडिश रसायनतज्ज्ञाने १७७५ साली असा एक हिरवा रंग शोधला आणि पुढे त्याची भावंडंही आली. अशा कागदाची धूळ वाईट होतीच. १८९० च्या दशकात बार्तोलोमेओ गोझिओ या इटालियन डॉक्टरने दाखवून दिलं, की काही बुरशी आर्सेनिकवर वाढताना लसणासारख्या वासाचा विषारी वायू सोडतात. ओली भिंत, पिठाची खळ, वर हिरवा कागद, आणि त्याच खोलीत झोपणारी मुलं. कागदाने ओल लपते, जात नाही, ही गोष्ट मला त्या लसणाच्या वासाइतकी स्पष्ट दुसऱ्या कशातच दिसली नाही.

आणि मग कुणाला तरी उलटं सुचलं. भिंत गुळगुळीत होत नसेल तर कागदच खडबडीत करूया की! लिनोलियमचा शोध लावणाऱ्या फ्रेडरिक वॉल्टनने १८७७ साली जवसाच्या तेलापासून उठावाचं लिंक्रस्टा आणलं. ते होतं जड आणि कडक. त्याच्याच लंडनच्या दुकानाचा व्यवस्थापक टॉमस पामर याने कागद आणि कापसाच्या लगद्यातून हलकं, लवचिक अ‍ॅनाग्लिप्टा काढलं आणि १८८७ साली त्याचं पेटंट घेतलं. ब्रिटिश घरांच्या बोळांत आणि जिन्यांत कमरेच्या उंचीपर्यंत हे लागलं आणि त्यावर वर्षानुवर्षं तेलरंगाचे हात चढले. कागदालाच इतके उंचवटे, की भिंतीचे त्यात हरवून जातात.

जर्मनीत याहून साधी वस्तू होती. वुपरटालच्या ह्यूगो एर्फुर्टने १८६४ साली कागदाच्या थरांमध्ये लाकडाचा भुसा आणि ढलप्या घालून ‘राउफाझर’ तयार केला. आधी तो दुकानांच्या काचेच्या शोकेसमध्ये वापरायचे. घरच्या भिंतींवर तो विसाव्या शतकात आला, आणि महायुद्धानंतर घरं भराभर उभारायची होती तेव्हा देशभर पसरला. मी काही काळ जर्मनीत भाड्याच्या घरात राहिलो. तिथे चारही भिंतींना आणि छतालाही हाच कागद होता. ओल्या भिंतीवर रवा फेकल्यासारखा दिसतो. पहिल्यांदा मला तो गिलावाच वाटला होता. एकदा लावला की वर रंग मारत राहायचं, एवढंच.

या दोन्हींच्या मध्ये बाउहाउस आहे. हानेस मायर संचालक असताना, १९२९ साली, या संस्थेने राश कंपनीशी करार करून वॉलपेपर काढले. फुलं नाहीत, वेलबुट्टी नाही, फक्त बारीक रेघा आणि जाळ्या. नक्षी जुळवायची कटकट नाही म्हणून कागद वाया जात नाही, आणि त्या बारीक पोतात गिलाव्याच्या लहानसहान खोडी दिसत नाहीत. बाउहाउसच्या खुर्च्या आणि दिवे आज संग्रहालयांत आहेत, पण त्या संस्थेची सर्वात जास्त खपलेली वस्तू हा कामगार वसाहतीतला कागद होता. १९३३ मध्ये संस्था बंद पडली, कागद चालू राहिला.

आता काळ पुन्हा फिरलाय. ब्रिटनमध्ये आणि जर्मनीत लोक हा खडबडीत कागद खरवडून काढतात आणि खालची भिंत नव्याने गुळगुळीत करून घेतात. आपल्याकडेही पुट्टीचे हात मारून, पॉलिशपेपरने घासून, मगच वॉलपेपर लावतात. ज्याला गवंड्याची दोन दिवसांची मजुरी परवडते त्याला खडबडीत कागदाची गरज उरत नाही. नवे न विणलेल्या कापडासारखे कागद ओले होऊन पसरतही नाहीत, त्यामुळे काम सोपं झालंय. असो.

मला मात्र त्या राउफाझरबद्दल एक जिव्हाळा वाटतो. मराठीत आपण झाकली मूठ सव्वा लाखाची म्हणतो, पण मूठ झाकायलाही ऐपत लागते. चिनी कागदवाल्यांकडे ती होती. कामगाराने स्वस्त फुलांखाली ओल झाकली आणि त्याची किंमत त्याच्या घरातल्यांनी मोजली. भुशाच्या कागदाने निदान भिंत सरळ असल्याचं सोंग आणलं नाही. युरोपात कुठे जुन्या घरात गेलात तर खिडकीजवळच्या भिंतीकडे तिरक्या नजरेने बघा. घर कुणासाठी बांधलं होतं, ते बऱ्याचदा तिथेच कळतं.