ताल-खेळांचा इतिहास आणि अध्ययनशैलीचा सिद्धान्त

शिक्षणशास्त्राच्या इतिहासात काही कल्पना अशा आढळतात की, त्यांचा प्रसार त्यांच्या पुराव्याच्या कितीतरी पुढे धावतो. ‘अध्ययनशैली’ ही अशांपैकीच एक होय. कोणी विद्यार्थी पाहून शिकतो, कोणी ऐकून शिकतो, तर कोणी शरीराच्या हालचालीतून शिकतो. सबब ज्याची जी शैली असेल तिला अनुरूप असे अध्यापन मिळाल्यास त्याची प्रगती अधिक होईल, असे या मताचे थोडक्यात स्वरूप आहे. या मताची पारख करावयाची तर डोळा, कान व अवयव ही तिन्ही ज्यात एकाच वेळी राबतात आणि ज्यातील यशापयश क्षणाक्षणाला मोजता येते, असे एखादे कौशल्य हवे. विसाव्या शतकाच्या अखेरीस जपानमध्ये जन्मास आलेल्या तालाधिष्ठित व्हिडिओ-खेळांनी असे क्षेत्र अनायासे उपलब्ध करून दिले. हे खेळ व तो सिद्धान्त यांचा उत्कर्षकाळ बराचसा एकच असल्यामुळे दोहोंचा इतिहास शेजारी शेजारी ठेवून पाहणे उद्बोधक ठरते.

तालज्ञानाचे मोजमाप ही गोष्ट मात्र या खेळांहून पुष्कळ जुनी आहे. एल. टी. स्टीव्हन्स याने १८८६ मध्ये प्रयोगविषयांना ठोक्यांबरोबर बोट आपटावयास लावून, नंतर ठोके थांबवून तीच गती स्वतः चालू ठेवावयास सांगितले. ही प्रयोगपद्धती अद्यापि प्रचारात आहे. नाइट डनलॅप याने १९१० मध्ये केलेल्या अभ्यासापासून असे लक्षात येऊ लागले की, ठोक्याशी मेळ साधू पाहणारा मनुष्य बहुधा ठोक्याच्या किंचित अगोदरच बोट टेकवितो. म्हणजे ताल धरणे ही प्रतिक्रिया नसून पूर्वानुमान आहे. अमेरिकेत कार्ल सीशोर याने १९१९ मध्ये संगीतविषयक कुवतीच्या चाचण्या ध्वनिमुद्रिकांच्या रूपाने प्रसिद्ध केल्या. ही कुवत बव्हंशी जन्मजात असते, अशी त्याची धारणा होती. आणि रॉचेस्टर येथील ईस्टमन संगीतविद्यालयात अशा चाचण्यांचा उपयोग विद्यार्थ्यांच्या निवडीसाठी करण्यात आला. याच्या नेमकी उलट दिशा जिनीव्हाच्या एमिल जाक-डालक्रोझ याची होती. आपल्या विद्यार्थ्यांस संगीतशास्त्र अवगत असूनही लय अंगी नाही, हे पाहून त्याने चालणे, वळणे व हातवारे यांतून सर्वांनाच ताल शिकविण्याची पद्धती उभारली. एकाने विद्यार्थ्यांची वर्गवारी केली, दुसऱ्याने साधनेचा मार्ग आखला. पुढील सर्व वादाचे बीज या दोन भूमिकांत सापडते.

अध्ययनशैलीचा सिद्धान्त वर्गवारीच्या कुळातील आहे. रीटा व केनेथ डन या दांपत्याची मांडणी १९७० नंतरच्या दशकात पुढे आली. डेव्हिड कोल्ब याचा अनुभवाधिष्ठित अध्ययनावरील ग्रंथ १९८४ चा आहे. नील फ्लेमिंग व कॉलीन मिल्स यांनी १९९२ मध्ये दृश्य, श्राव्य, लेखन-वाचन व क्रियात्मक अशा चार प्रकारांची प्रश्नावली विद्वानांपुढे ठेवली. हॉवर्ड गार्डनर याच्या १९८३ च्या बहुविध बुद्धिमत्तेच्या कल्पनेचीही या मतांशी सरमिसळ झाली; आपली कल्पना आणि अध्ययनशैली एक नव्हेत, हे त्याला २०१३ मध्ये जाहीरपणे स्पष्ट करावे लागले. शैलींच्या वर्गीकरणाचे पीक इतके उदंड आले की, फ्रँक कॉफील्ड व त्याच्या सहकाऱ्यांनी २००४ मध्ये घेतलेल्या आढाव्यात अशा ७१ मांडण्या मोजल्या.

हे पीक भरात असतानाच डिसेंबर १९९६ मध्ये जपानमध्ये सोनी कंपनीच्या प्लेस्टेशन यंत्रावर ‘पारप्पा द रॅपर’ हा खेळ आला. संगीतकार मासाया मात्सुउरा हा त्याचा कर्ता व रॉडनी ग्रीनब्लॅट हा चित्रकार. या खेळाची रचना पाहण्याजोगी आहे, कारण तिचा कणाच गुरुशिष्यसंबंधाचा आहे. कराटे, मोटार चालविणे, पाकक्रिया अशा विषयांचे गुरू एकेक ओळ तालात म्हणतात आणि शिष्याने ती योग्य कळा दाबून परत म्हणावयाची असते. कोणती कळ केव्हा दाबावयाची ते पडद्यावरील पट्टीवर दिसते. पण केवळ पट्टीकडे पाहून दाबणाऱ्याचा ताल चुकतो. तबल्याचा विद्यार्थी बोल प्रथम तोंडाने म्हणतो, हाताने टाळी-खाली दाखवितो आणि मग ते वाद्यावर उतरवितो. तेथे श्रवण, उच्चार व हालचाल यांची जशी ताटातूट करता येत नाही, तशीच ती येथेही येत नाही. विशेष म्हणजे सर्वोच्च श्रेणी गाठण्यासाठी गुरूच्या ओळीची केवळ नक्कल पुरत नाही. शिष्याला तालात राहून स्वतःची भर घालावी लागते.

१९९७ मध्ये कोनामी कंपनीने ‘बीटमेनिया’ हे सार्वजनिक खेळघरातील यंत्र आणले. त्याला पाच कळा व एक फिरती तबकडी होती. पडद्यावर वरून खाली पडणाऱ्या खुणा तळरेषेस पोचताच कळ दाबावयाची आणि त्या दाबण्याने गीतातील तो स्वर उमटावयाचा, अशी योजना होती. पुढील वर्षी, १९९८ मध्ये, त्याच कंपनीचे ‘डान्स डान्स रेव्होल्यूशन’ आले. यात हातांचे काम पायांकडे गेले: चार दिशांचे चार बाण आणि पायाखाली चार फळ्या. मात्र येथे पावलाने गीताचा स्वर निर्माण होत नाही; पाऊल चुकले तरी गीत चालूच राहते आणि चुकीची वार्ता मुख्यतः पडद्यावरून कळते. १९९९ मध्ये कोनामीनेच गिटार व ढोल यांच्या प्रतिकृती असलेली यंत्रे काढली.

अमेरिकेतील शाखा वेगळ्या मुळातून फुटली. मॅसॅच्युसेट्स तंत्रविज्ञान संस्थेत एकत्र आलेल्या ॲलेक्स रिगोपुलोस व एरन एगोझी यांनी १९९५ मध्ये हार्मोनिक्स ही संस्था स्थापन केली. संगीताचे शिक्षण न झालेल्यांना वादनाचा आनंद मिळावा, हा त्यांचा हेतू होता. ‘फ्रीक्वेन्सी’ व ‘ॲम्प्लिट्यूड’ या खेळांनंतर २००५ मध्ये त्यांचा ‘गिटार हीरो’ निघाला. पाच रंगीत कळा व झंकाराची एक पट्टी असलेल्या या नकली गिटारवर खूण चुकली की, गीतातील गिटारीचा आवाज तेवढ्यापुरता लोपतो. अर्थात चूक कानाला कळते. २००६ च्या दुसऱ्या आवृत्तीत कठीण तुकडा संथ गतीने पुनःपुन्हा घोटण्याची सोय करण्यात आली. घोकंपट्टीस हिणवणाऱ्या काळात कोट्यवधींच्या करमणुकीने संथ लयीतील रियाजाचे महत्त्व मान्य करावे, ही गोष्ट लक्षणीय आहे.

या चार खेळांची तुलना केली असता एक सूत्र हाती येते. चौघांतही सूचना डोळ्याला मिळते, ताल कानाला मिळतो आणि कृती स्नायूंना करावी लागते. वाटणी बदलते ती खेळाच्या रचनेनुसार, खेळणाराच्या प्रकृतीनुसार नव्हे. ‘श्राव्य’ म्हणवणाऱ्याला पडद्याकडे पाठ फिरविता येत नाही. ‘दृश्य’ म्हणवणाऱ्याला कानाशिवाय मेळ स्थिर ठेवता येत नाही. कोणत्या इंद्रियाने कोणते काम करावे, हे विषयच ठरवितो.

प्रयोगशाळेतील निष्कर्ष या निरीक्षणास बळकटी देतात. लुकलुकणाऱ्या दिव्याबरोबर ताल धरण्यापेक्षा ध्वनीच्या ठोक्याबरोबर ताल धरणे बहुतेक सर्व ऐकू येणाऱ्या माणसांना अधिक अचूक जमते, हे वारंवार आढळून आले आहे. तथापि स्थिर दिव्याऐवजी उसळणारा चेंडू दाखविला तर हे अंतर पुष्कळ कमी होते. जॉन आयव्हर्सन व सहकाऱ्यांनी २०१५ मध्ये प्रसिद्ध केलेल्या अभ्यासात बधिर व्यक्तींनीही दृश्य तालाशी उत्तम मेळ साधला. पडणाऱ्या खुणा व सरकणारे बाण यांची योजना कितपत परिणामकारक आहे, याचा उलगडा यातून काही अंशी होतो: डोळ्याला ताल कळावयाचा तर गती दिसली पाहिजे. शरीराचा वाटाही तितकाच मूलगामी आहे. जेसिका फिलिप्स-सिल्व्हर व लॉरेल ट्रेनर यांनी २००५ मध्ये दाखवून दिले की, सात महिन्यांच्या अर्भकांना एकच संदिग्ध ताल ऐकविताना दर दुसऱ्या किंवा दर तिसऱ्या ठोक्यावर झुलविले, तर पुढे ती आपण झुललेल्या विभागणीचाच ताल अधिक वेळ ऐकतात. अर्भकांत ‘क्रियात्मक’ व ‘श्राव्य’ असे दोन वर्ग येथे पाडावे लागले नाहीत.

तेव्हा शैलीच्या सिद्धान्ताचे काय? हॅरोल्ड पॅशलर व त्याच्या तीन सहकाऱ्यांनी २००८ मध्ये त्याची कसोटी निश्चित केली. विद्यार्थ्यांचे शैलीनुसार गट पाडावेत; प्रत्येक गटातील विद्यार्थी चिठ्ठ्या टाकून निरनिराळ्या अध्यापनपद्धतींत वाटावेत; अखेरीस सर्वांची परीक्षा एकच घ्यावी; आणि एका गटास जी पद्धत उत्तम ठरेल तिच्याहून वेगळी पद्धत दुसऱ्या गटास उत्तम ठरली, तरच सिद्धान्त टिकला असे मानावे. या कसोटीस उतरणारा पुरेसा पुरावा त्यांना आढळला नाही. तरीही २०१२ मध्ये प्रसिद्ध झालेल्या एका पाहणीत ब्रिटनमधील ९३ टक्के व नेदरलँड्समधील ९६ टक्के शिक्षक हा सिद्धान्त खरा मानीत होते.

येथे एक आक्षेप संभवतो. खेळणाऱ्यांत, विद्यार्थ्यांत फरक असतातच. मग वर्गवारी का नको? फरक असतात हे निर्विवाद आहे. परंतु पूर्वशिक्षण, सराव, आवड व शारीरिक क्षमता यांतील फरक ही एक गोष्ट आणि ज्ञानग्रहणाचे इंद्रियच निराळे असणे ही दुसरी गोष्ट. पहिल्यावर साधनेने मात करता येते; दुसऱ्याचा शिक्का बसला की साधनाच खुंटते. ‘तू ऐकून शिकणारा नव्हेस’ असे ज्या मुलास सांगितले जाते, त्याच्या वाट्याची श्रवणाची तालीमच हिरावली जाते. आणि ज्या उणिवेचे निमित्त झाले ती उणीव त्यामुळे कायम होते. सीशोरच्या चाचण्यांनी निवडीच्या नावाखाली जो धोका निर्माण केला, तोच येथे सहानुभूतीच्या वेषात परत येतो.

२००६ च्या जानेवारीत अमेरिकेतील वेस्ट व्हर्जिनिया राज्याने आपल्या ७६५ सार्वजनिक शाळांत ‘डान्स डान्स रेव्होल्यूशन’ नेण्याची योजना जाहीर केली. तिचा उद्देश मुलांच्या स्थूलतेस आळा घालणे हा होता, संगीतशिक्षण हा नव्हे. परंतु तिच्यात शैलीनुसार निवड नव्हती, खेळ सर्वांसाठी होता. पुढे या खेळांची बाजारपेठ ओसरली आणि फेब्रुवारी २०११ मध्ये ॲक्टिव्हिजन कंपनीने ‘गिटार हीरो’चा विभाग बंद केला. बाजाराचा बहर संपला, तरी त्या दीड दशकाने ठेवलेला दाखला मोलाचा आहे. करमणुकीसाठी यंत्र बनविणाऱ्यांनी खेळणाऱ्याला त्याची शैली कधी विचारली नाही. त्यांनी पाहणे, ऐकणे व हालणे यांची सांगड घालून सोपी पायरी प्रथम व कठीण पायरी मागाहून ठेवली, आणि चुकणाऱ्याला पुन्हा प्रयत्न करू दिला. डालक्रोझची भूमिका याहून फारशी वेगळी नव्हती. विद्यार्थी कोणत्या प्रकारचा आहे, या प्रश्नाआधी विषय कोणत्या प्रकारचा आहे हा प्रश्न अध्यापकाने स्वतःस विचारावा, हाच या इतिहासाचा बोध होय.