तेरा तास वीस मिनिटं

4 जून 2020 रोजी सकाळी सात वाजायच्या आत तळेगाव दाभाड्यात, स्टेशन भागातल्या एका फ्लॅटमध्ये, चार फुटी टाकीतले सगळे मासे मेले होते. 60 कार्डिनल टेट्रा, 12 ओटो, 6 सायामीज अल्गी ईटर. काचेला तडा नव्हता, पाणी जागेवर होतं, झाडांचं पानही गळलं नव्हतं.

हे घर कुणा एकाचं नाही, नमुन्यादाखल मांडलेलं आहे. चक्रीवादळाच्या वेळा हवामान खात्याच्या नोंदीतल्या आहेत. घरातल्या वेळा टायमर, झडप आणि पाणी कसं वागतं त्यावरून लावल्या आहेत. झाडांच्या टाक्या ठेवणाऱ्याला त्या ओळखीच्या वाटतील.

सोमवार, 1 जून, पहाटे 5:30

अरबी समुद्रात कमी दाबाचा पट्टा होता, त्याचं ‘डिप्रेशन’ झाल्याची नोंद. तळेगावात उकाडा.

मंगळवार, 2 जून, दुपारी 12च्या सुमारास

त्याचं चक्रीवादळ झालं. बांगलादेशाने सुचवलेलं नाव यादीत तयार होतं: निसर्ग. रोख अलिबागच्या बाजूला. तळेगावात बहुतेकांचा हिशेब साधा होता. वादळ कोकणात येणार, मधे सह्याद्री आहे, घाट चढेपर्यंत दम संपेल.

2 जून, रात्री 9:15

घरात तीन टाक्या. स्वयंपाकघराच्या खिडकीत काचेची बरणी, तिच्यात सह्याद्रीच्या ओढ्यांत उगवणारी क्रिप्टोकोरायन स्पायरॅलिस आणि चार गप्पी. यंत्र एकही नाही. टीव्हीशेजारी दोन फुटी टाकी, साधारण 65 लिटरची, तिच्यात स्पंज फिल्टर; त्याचा छोटा एअर पंप थेट सॉकेटला, दिवसरात्र चालू. आणि हॉलच्या भिंतीला मोठी: 120 बाय 45 बाय 45 सेंटीमीटर, म्हणजे 243 लिटर. माती, दगड आणि लाकूड वजा जाता पाणी 200च्या आसपास. (1908 साली पैसा फंडाचा काच कारखाना निघाला तो याच गावात. ही काच मात्र पुण्याहून आलेली.)

मोठ्या टाकीत मावळातलाच काळा बेसाल्ट, समोर गवतासारखा गालिचा, मागे लाल रोटाला. अशा टाकीला नुसता उजेड पुरत नाही, पाण्यात कार्बन डायऑक्साइड सोडावा लागतो. त्यासाठी सिलिंडर, रेग्युलेटर, विजेवर उघडणारी सोलेनॉइड झडप आणि थेंबाथेंबाने वायू सोडणारी सुई-झडप. टाकीवाल्याने त्या रात्री सुई-झडप किंचित उघडली. सेकंदाला दोन बुडबुडे होते, ते तीन केले. रोटाला अजून लाल व्हायला हवी होती. रविवारी फोटो काढायचा होता.

शिवाय फिल्टरच्या पाण्याची काचेची नळी त्याने दोन सेंटीमीटर खाली दाबली. पाण्याचा पृष्ठभाग जितका हलतो तितका वायू उडून जातो. आणि तितकाच ऑक्सिजन आत येतो.

बुधवार, 3 जून, सकाळी 9:00

मोठ्या टाकीचा रात्रीचा एअर पंप ठरल्याप्रमाणे बंद. 10:00 वाजता सोलेनॉइडचा ‘टक’. 11:00 वाजता लाइट.

ही तीन कामं तीन टायमर करत. सिलिंडरचा आणि एअर पंपाचा टायमर जुना, डायल फिरणारा. सिलिंडरचा सकाळी 10 ते संध्याकाळी 6, पंपाचा संध्याकाळी 7 ते सकाळी 9. लाइटचाही तसाच होता. तो बिघडला तेव्हा डिजिटल आणला, आत छोटी बॅटरी असलेला. वीज गेली तरी तो वेळ विसरत नाही. डायलचा टायमर वीज गेली की जागच्या जागी थांबतो, आणि आली की थांबल्या जागेवरून पुढे चालू लागतो. दहा-वीस मिनिटांच्या लोडशेडिंगमध्ये हा फरक कुणाच्या लक्षातही येत नाही.

सकाळी 11:40

बुडबुडे वाढवूनही मासे ठीक दिसत होते. त्याचं कारण उजेड. लाइटखाली झाडं इतका ऑक्सिजन सोडतात की पानांवर त्याचे मणी धरतात. हौशी लोक त्याला पर्लिंग म्हणतात आणि त्याचेच फोटो काढतात. पाण्यात ऑक्सिजन भरपूर असला की जास्तीचा कार्बन डायऑक्साइड मासे निभावून नेतात. टाकी धोक्याच्या रेषेवर आहे हे दिवसा कळत नाही.

काचेला आतून चिकटवलेला ड्रॉप चेकर निळ्यावरून जेमतेम हिरवट होऊ लागला होता. त्यातलं द्रव निळं असेल तर वायू कमी, हिरवं म्हणजे लिटरला 30 मिलिग्रॅमच्या आसपास, पिवळं म्हणजे जास्त. पण तो टाकीतली आत्ताची स्थिती दाखवत नाही. सुमारे दोन तासांपूर्वीची दाखवतो.

दुपारी 12:10

बादल्या भरल्या, मोबाइल चार्जिंगला लावले, इन्व्हर्टरच्या बॅटरीत पाणी पाहिलं. इन्व्हर्टरवर हॉलचा एकच पॉइंट होता. त्यावर राऊटर. ऑफिस मार्चपासून घरातूनच चालू होतं.

एअर पंपाला तीन ते पाच वॉट लागतात, राऊटरपेक्षा कमी. एक एक्स्टेन्शन बोर्ड पुरला असता. तो बोर्ड लॅपटॉपला लावला होता.

12:30

अलिबागच्या दक्षिणेला वादळ जमिनीवर यायला सुरुवात. वारे ताशी 110 ते 120 किलोमीटर.

1:20

तळेगावच्या या घरातली लाइट गेली.

लाइटचा टायमर: 1:20, पुढे 1:21, 1:22. सिलिंडरचा टायमर: 1:20. पंपाचा टायमर: 1:20.

सोलेनॉइड वीज नसताना बंदच राहते, त्यामुळे वायू थांबला. इथपर्यंत सगळं सुरक्षित बाजूला.

2:30

वादळ पूर्ण जमिनीवर. सह्याद्रीने ते अडवलं नाही. त्या दुपारी मावळात झाडं आडवी झाली, विजेचे खांब पडले, गुलाबाच्या पॉलिहाऊसचे कागद चिंध्या होऊन उडाले. व्हॅलेंटाइनसाठी परदेशी जाणारी बरीच फुलं इथल्याच पॉलिहाऊसमधून जातात. राज्यात माणसंही गेली. त्या दिवसाच्या हिशेबात टाकीतले मासे कुठेच बसत नाहीत, हे धरूनच पुढचं वाचावं.

4:00

आईने विचारलं, “अरे, त्यांना हवा नको का?”

“आई, दिवसा पंप बंदच असतो. सातला लागेल.”

5:30

कॅनिस्टर फिल्टर चार तास दहा मिनिटं बंद. हा बंद डबा असतो, आत स्पंज आणि सिरॅमिकच्या नळ्या, त्यांच्यावर टाकीतला अमोनिया खाणारे जिवाणू. त्यांना वाहतं पाणी लागतं. पाणी थांबलं की डब्यातला ऑक्सिजन काही तासांत संपतो, जिवाणू मरू लागतात, गाळ कुजू लागतो. जाणकार म्हणतात, वीज बराच वेळ गेली तर डबा उघडून धुतल्याशिवाय फिल्टर सुरू करू नये.

डबा कपाटात होता. कपाटापुढे पाण्याच्या बादल्या.

7:00

पंप लागला नाही.

7:10

सूर्यास्त. अंधारात झाडं ऑक्सिजन देत नाहीत, घेतात. टाकी जितकी दाट लावलेली, तितके रात्री श्वास घेणारे जास्त. 27 अंशांच्या पाण्यात हवेतून मिळणारा ऑक्सिजन जेमतेम लिटरला 8 मिलिग्रॅम मावतो, तळेगावच्या उंचीवर त्याहून थोडा कमी. दुपारभर ढगाळ खिडकीच्या उजेडावर काढल्याने टाकीची शिल्लक आधीच कमी होती.

9:40

इन्व्हर्टर पीप-पीप करून बंद पडला. राऊटर गेला.

11:15

मोबाइलच्या टॉर्चमध्ये कार्डिनल वर आलेले दिसले. साठच्या साठ, तोंडं पृष्ठभागाला लावून. ओटो काचेवर अगदी वरच्या कडेला.

त्याने योग्य तेच केलं. पाण्याचा मग घेतला, टाकीतलं पाणी भरून फूटभर उंचीवरून परत ओतू लागला. पाच मिनिटं ओतायचं, पंधरा मिनिटं थांबायचं. बॅटरीवर चालणारा पंप घरात नव्हता. लॉकडाउन उठवायच्या ‘पुनश्च हरिओम’चा पहिला टप्पा त्याच दिवशी सुरू झाला होता, पुण्यासारख्या शहरांतली दुकानं सम-विषम पद्धतीने शुक्रवारपासून उघडायची होती.

गुरुवार, 4 जून, रात्री 12:30

आई उठून आली. “दे इकडे, तू जरा पड.” तिने अर्धा तास ओतलं.

1:45

मासे खाली उतरले. काही लाकडाखाली गेले. एकही मेला नव्हता. एक मग आणि दोन माणसं यांनी टाकी तगवली होती.

2:40

लाइट आली.

पंखे, फ्रिज, शेजारच्या फ्लॅटमधून “आली, आली”. या आवाजात सोलेनॉइडचा ‘टक’ बुडाला.

लाइटचा टायमर: पहाटेचे 2:40. दिवा लावायचा नाही. सिलिंडरचा टायमर: दुपारचे 1:20. झडप उघडायची. पंपाचा टायमर: दुपारचे 1:20. हवा द्यायची नाही.

2:41

कॅनिस्टर सुरू झाला. काचेच्या नळीतून तपकिरी पाण्याचा झोत आला आणि मिनिटाभरात विरला. तेरा तासांहून जास्त डब्यात साचलेलं पाणी टाकीत गेलं. त्याने ते पाहिलं. फिल्टर चालू आहे, पाणी हलतंय, यापलीकडे पहाटे पावणेतीनला कोण पाहतं?

2:55

मग बेसिनवर ठेवला. झोपला.

रोज रात्री हॉलमध्ये एअर पंपाची मोठी घरघर असते. त्या रात्री फक्त दोन फुटी टाकीचा छोटा पंप वाजत होता.

3:40

एक तास. सेकंदाला तीन बुडबुडे. दिवसा हा वायू झाडं काही प्रमाणात वापरतात आणि बदल्यात ऑक्सिजन देतात. आता दोन्ही बंद. उलट झाडं, मासे आणि डब्यातून आलेला गाळ, सगळेच ऑक्सिजन घेत होते. नळी दोन सेंटीमीटर खाली होती, पृष्ठभाग जवळजवळ स्थिर.

ड्रॉप चेकर निळा.

4:40

पाण्यात कार्बन डायऑक्साइड वाढला की तो माशाच्या रक्तातून बाहेर पडू शकत नाही, आणि रक्ताची ऑक्सिजन धरण्याची ताकद घटते. मासा कल्ले वेगाने हलवतो. त्याने त्याची गरज आणखी वाढते. आधीच सात-आठ तास ताणात काढलेल्या माशाकडे शिल्लक नसते.

ड्रॉप चेकर हिरवट. त्याच्या हिशेबाने सगळं उत्तम.

5:35

आई नेहमीप्रमाणे उठली. हॉलमध्ये अजून अंधूक. मोठ्या टाकीत मासे पुन्हा वर आलेले. रात्रभराचे उपाशी, असं तिला वाटलं. चिमूटभर खाणं टाकलं. एकानेही तोंड लावलं नाही. दोन फुटी टाकीतल्यांनी मात्र लगेच खाल्लं.

मुलाला उठवावं का? तिने दाराशी जाऊन पाहिलं. तीनला झोपलाय. राहू दे.

6:00

सूर्योदय. खिडकी पूर्वेला नाही.

6:10

ओटो आधी गेले. ते तळाशी पडले, दगडांच्या रंगात मिसळले.

6:45

शेवटचा कार्डिनल. मेल्यावर त्यांचा निळा पट्टा लगेच जात नाही, त्यामुळे लांबून टाकी भरलेलीच दिसते.

7:20

सिलिंडरच्या डायलवर संध्याकाळचे सहा वाजले. ‘टक’. झडप बंद.

7:50

तो उठला, पाहिलं, आईला हाक मारली. जाळीने मासे काढायला सुरुवात केली.

ड्रॉप चेकर आता स्पष्ट पिवळा होता. त्याने सिलिंडरकडे पाहिलं. बबल काउंटरमध्ये एकही बुडबुडा नव्हता. झडप बंद. काल दुपारी लाइट गेल्यापासून बंदच असणार. मग पिवळा कशाने? अमोनियाचं किट काढलं, थोडा अमोनिया निघाला. डबा उघडला, आत काळं पाणी, सडक्या अंड्याचा वास. कारण सापडलं असं त्याला वाटलं. अर्धं कारण ते होतंही.

8:05

आईने गावी बहिणीला फोन केला. “वादळात मासे गेले गं त्याचे.”

बरणीतले चार गप्पी ठीक होते. दोन फुटी टाकीतला एकही मासा कमी नव्हता. तिच्या पंपाला टायमर नव्हता. 2:40ला लाइट आली तसा तो लागला होता.

8:20

मोठ्या टाकीचा एअर पंप आपोआप सुरू झाला. तो हात पुसत भिंतीपाशी गेला आणि वाकून डायल वाचली. संध्याकाळचे सात वाजले होते.