कर्सर नेमका कुठे उभा आहे?

भिलाईच्या हुडकोतल्या घरातून आज एका उभ्या रेघेबद्दल बोलणार आहे. पडद्यावर लुकलुकते ती, कर्सर.

निवृत्तीनंतर विदर्भातल्या एका वीरपत्नीचा मदतीचा अर्ज मी मराठीत टाइप करून दिला. नवऱ्याच्या नावात 'कि' चुकून दोनदा पडला होता. मी बॅकस्पेस एकदाच दाबला. वेलांटी उडाली, 'क' तसाच राहिला, आणि मी चष्मा न लावताच प्रिंट काढली. 'नावात फरक' असा शेरा मारून अर्ज परत आला. चूक माझी, हेलपाटे त्या बाईंना.

असं का झालं, ते शोधत मी मागे गेलो.

युनिटच्या ऑफिसात देवनागरी टाइपरायटर होता. त्यात अक्षर उमटण्याची जागा ठरलेली, सरकायचा तो कागद. ऱ्हस्व वेलांटी आधी मारायची, मग अक्षर. कागदावर दिसतं त्याच क्रमाने. पडद्यावर उलटं झालं. कागद थांबला, रेघ धावू लागली. कर्सर या लॅटिन शब्दाचा अर्थच धावणारा! डग्लस एंगलबार्टने 9 डिसेंबर 1968 ला सॅन फ्रान्सिस्कोत माऊस दाखवला, तेव्हा पडद्यावरचा ठिपका हाताबरोबर फिरला. हा माणूस दुसऱ्या महायुद्धात अमेरिकन नौदलात रडार तंत्रज्ञ होता, हे आम्हा फौजींना सांगायला आवडतं.

पण इंग्रजीत अक्षरं सुटी, रांगेत उभ्या जवानांसारखी. आपल्याकडे तसं नाही. आयआयटी कानपूरमध्ये सुरू झालेलं भारतीय लिप्यांचं काम पुढे पुण्याच्या सी-डॅकने वाढवलं. इस्की या भारतीय मानकात क्रम उच्चाराचा ठेवला: आधी क, मग वेलांटी. युनिकोडने देवनागरीसाठी तोच पाया घेतला. माझ्या मते निर्णय योग्यच होता. शोधणं, अकारविल्हे लावणं त्याने सोपं झालं. मात्र डोळ्याला दिसतं एक आणि यंत्राच्या पोटात असतं दुसरंच.

'स्त्री' लिहून पाहा. आपल्याला ते एक अक्षर. यंत्राला स, हलन्त, त, हलन्त, र आणि दीर्घ वेलांटी, असे सहा तुकडे. माझ्या संगणकावर बाणाची कळ एकदा दाबली की कर्सर अख्खं अक्षर ओलांडतो. पुसायला मात्र बॅकस्पेस सहा वेळा! जायला एक पाऊल, परतायला सहा. पहिलं वागणं मराठी माणसाच्या अपेक्षेसारखं, दुसरं टाइप करणाऱ्याच्या सोयीचं, कारण चुकलेली एकच मात्रा बदलता येते.

दुसऱ्यांदा अर्ज केला तेव्हा नाव पूर्ण पुसून नव्याने टाइप केलं, आणि बाईंना फोनवर एकेक अक्षर वाचून दाखवलं.