मेलेला माणूस 'मी' म्हणतो तेव्हा

इंदूरच्या तुकोगंजात माझी मावशी राहते. होळकरांच्या तुकोजीरावांचे नाव मिरवणारी ही वस्ती आता मोठमोठ्या इमारतींनी भरून गेली आहे. मावशीच्या घरात मात्र अजून जुनी लाकडी कपाटे, पितळी डबे आणि माळ्यावरची एक पत्र्याची ट्रंक आहे. मागच्या खेपेस ती ट्रंक खाली काढली. आत इंद्रजाल कॉमिक्सचे मराठी अंक होते. प्रत्येक अंकाच्या पहिल्या पानावर शाईच्या पेनाने दादाचे नाव लिहिलेले. दादा म्हणजे माझा मावसभाऊ. तो जाऊन बरीच वर्षे झाली.

माझ्या वयाच्या वाचकांना इंद्रजाल आठवत असेलच. टाइम्स ऑफ इंडियावाल्यांनी 1964 साली हे अंक सुरू केले आणि 1990 साली ते बंद पडले. त्यातला आमचा लाडका म्हणजे वेताळ. मूळचा ली फॉक या अमेरिकन लेखकाचा 'फँटम', 1936 साली वर्तमानपत्रातून जन्मलेला. आपल्याकडे येताना त्याचे नाव वेताळ झाले, त्याच्या जंगलाचा देश डेंकाली झाला, आणि पणजीपासून इंदूरपर्यंतच्या पोरांना तो आपलाच वाटू लागला.

या वेताळाची ख्याती अशी की तो मरत नाही. चारशे वर्षे तोच घोडा, तोच मुखवटा, तीच कवटीची अंगठी. चाचे त्याला गोळी घालतात, मेला म्हणून आनंद करतात, आणि काही दिवसांनी तो पुन्हा समोर उभा! जंगलातले लोक म्हणतात, तो अमर आहे. खरी गोष्ट वाचकाला ठाऊक असते. 1536 साली चाच्यांच्या हल्ल्यातून एक तरुण वाचून किनाऱ्याला लागला. बापाच्या खुन्याच्या कवटीवर हात ठेवून त्याने शपथ घेतली. तो गेल्यावर त्याच्या मुलाने तीच शपथ घेतली, मग त्याच्या मुलाने. आपण वाचतो तो एकविसावा. कवटी गुहेत आधीच्या वीस जणांच्या कबरी आहेत, आणि प्रत्येकाची हकीकत लिहिलेल्या जाडजूड वह्या आहेत.

लहानपणी मला ही निव्वळ गंमत वाटायची. या वेळी तुकोगंजात बसून वाचताना एक गोष्ट नव्याने लक्षात आली. हा माणूस स्वतःच्या मरणाबद्दल दोन प्रकारे बोलतो. बाहेरच्यांशी बोलताना 'मी' म्हणजे एकवीसही जण. शंभर वर्षांपूर्वीच्या लढाईतही 'मी'च होतो. गुहेत एकटा असला की मात्र वडील, आजोबा, पणजोबा असे वेगवेगळे होतात. कबरीपुढे उभा राहून तो 'मी अमर' म्हणू शकत नाही. वीस कबरींशेजारची जागा आपली, हे त्याला माहीत असते.

मी सरकारी कारकून. मला हे पटकन समजले. आमच्याकडे साहेब बदलतात, खुर्ची बदलत नाही. तीस वर्षांपूर्वीच्या पत्राला आज उत्तर देतानाही आम्ही 'या कार्यालयाने कळविले होते' असेच लिहितो. ज्याने कळवले तो निवृत्त झाला, कदाचित वारलाही. कार्यालय मात्र जिवंत. वेताळ हेही असेच एक पद आहे. पद मरत नाही, माणूस मरतो.

आपल्या गोव्याच्या वाचकांना तर वेताळाची वेगळी ओळख करून द्यायला नको. आमोण्याचा बेताळ, पैंगीणचा बेताळ, लोलयेची ती उघड्यावरची पाषाणमूर्ती. रात्री हा देव राखणीला गावाची फेरी मारतो, म्हणून त्याला वहाणा वाहायच्या, आणि त्या झिजतात अशी श्रद्धा. अमेरिकेतल्या लेखकाने आपल्या नायकाला 'चालणारे भूत' म्हटले तेव्हा त्याला आमचा हा चालणारा देव ठाऊक असण्याचे कारण नाही. तरी नाव बदलणाऱ्याने नेमके नाव शोधले, असे मला वाटते.

पण सगळेच परतणारे असे सोपे नसतात. 1992 च्या नोव्हेंबरात अमेरिकेत सुपरमॅनच्या मृत्यूचा अंक निघाला. जगभर त्याची बातमी झाली. पुढच्या वर्षी तो परत आला, पण एकदम नाही. आधी चार जण आले, चौघांभोवती एकच प्रश्न : खरा सुपरमॅन कोण? खरा आला तो पाचवा. काळ्या पोशाखातला, शक्ती गमावलेला. त्याची प्रिया लोईस त्याच्यावर लगेच विश्वास ठेवत नाही. आधीच्या तोतयांनी तिला शहाणे केलेले असते.

तोतया! हा शब्द मराठी माणसाच्या कानावर पडला की पानिपत आठवते. 14 जानेवारी 1761. सदाशिवरावभाऊ रणात दिसेनासे झाले. काशिराज पंडितांच्या वृत्तांतात त्यांचे प्रेत ओळखून अग्निसंस्कार केल्याची हकीकत आहे. पण पुण्यात पार्वतीबाईंनी ते मानले नाही. त्यांनी सौभाग्यलेणी उतरवली नाहीत.

अशा वेळी भाऊंसारखा दिसणारा एक माणूस प्रकटला. थोरल्या माधवरावांनी चौकशी केली. हा सुखनिधान नावाचा बुंदेलखंडाकडचा कनोजी ब्राह्मण निघाला. त्याला कैदेत टाकले. माधवराव 1772 साली गेले, नारायणरावांचा खून झाला, कारभार डळमळला. 1776 साली हा कैदी रत्नागिरीला होता. तिथल्या रामचंद्र नाईक परांजप्यांनी त्याला सोडवून भाऊसाहेब म्हणून पुढे केले. कोकणातले किल्ले त्याला मिळत गेले, हजारो माणसे जमली. शेवटी महादजी शिंदे आणि भिवराव पानसे यांनी त्याचा मोड केला. मुंबईकडे पळताना तो राघोजी आंग्र्यांच्या हाती लागला. त्याच वर्षी डिसेंबरात पुण्यात त्याला देहदंड झाला. न. चिं. केळकरांनी यावरच 'तोतयाचे बंड' हे नाटक लिहिले.

त्या माणसाला लोकांपुढे काय करावे लागले असेल, याचा विचार मी करत होतो. दुसऱ्याचे मरण त्याला आपले म्हणून सांगायचे होते, आणि ते खोटे ठरवायचे होते. ऐकणारेही उत्सुक होते. पानिपतावर ज्यांचे कोणी परतले नव्हते अशी घरे गावोगावी होती. भाऊ परत येऊ शकतात तर आपलाही येईल. तोतयाचे सैन्य केवळ स्वार्थी लोकांचे होते, असे मला वाटत नाही. त्यात ही आशाही असणार. म्हणूनच त्याचा अपराध मला मोठा वाटतो. त्याने फक्त गादीवर नाही, अशा घरांच्या वाट पाहण्यावर हात टाकला. पार्वतीबाई 1783 साली वारल्या, त्या वाट पाहतच.

मी अंक पुन्हा ट्रंकेत लावत होतो. मावशी पोह्यांच्या बशा घेऊन आली. "दादाला वर शेव जास्त लागते," ती म्हणाली आणि माझ्या बशीत मूठभर शेव टाकली. लागायची नव्हे, लागते. मी काही बोललो नाही. तिला दादाचे मरण ठाऊक आहे. दरवर्षी ती त्याचे श्राद्ध करते, तिथी कधी चुकत नाही. तरी तिच्या बोलण्यात तो वर्तमानकाळात असतो. यात कुणाची फसवणूक नाही. वेताळाच्या गुहेत कबरीही असतात आणि बाहेर 'मी'ही चालू असतो, तसेच हे.

"अंक नेतोस का गोव्याला? इथे कोण वाचतंय," मावशीने विचारले.

"राहू देत इथेच," मी म्हटले. "पुढच्या खेपेला येऊन वाचीन."

ट्रंक परत माळ्यावर चढवून ठेवली.