जस्त आणि पडसे : एका औषधाचा इतिहास

धातू आणि श्वसनमार्गाचे विषाणुजन्य रोग यांच्या संबंधाची चर्चा निघाली की जस्ताचे उदाहरण हटकून दिले जाते. परंतु ‘जस्त’ या एकाच शब्दाने आपण तीन वस्तू दर्शवितो : पत्र्यावर चढविला जाणारा धातू, त्याचे क्षार, आणि क्षार पाण्यात विरघळला असता सुटा होणारा विद्युत्भारित कण, म्हणजे आयन. रसशास्त्राच्या ग्रंथकारांनी निदान खनिजाला ‘रसक’ किंवा ‘खर्पर’ असे निराळे नाव दिले होते. भाषाशास्त्राच्या अभ्यासकाने या प्रांतात शिरण्याचे कारण एवढेच की, एका अर्थाने सिद्ध झालेली गोष्ट दुसऱ्या अर्थानेही सिद्ध झाली असे मानण्याचा प्रमाद या इतिहासात वारंवार आढळतो, आणि त्याची किंमत रुग्णांनी मोजली आहे.

नाकातून जस्त देण्याची कल्पना प्रथम पोलिओच्या संदर्भात पुढे आली. पोलिओ हा श्वसनरोग नव्हे; तथापि त्याचा विषाणू घ्राणतंतूंच्या वाटेने मेंदूत शिरतो असा त्या काळी समज होता. माकडांच्या नाकात झिंक सल्फेटचा द्राव फवारला असता त्यांचे रक्षण होते असे कॅलिफोर्नियात दिसून आले, आणि १९३७ च्या साथीत टोरांटो येथे सुमारे ५,००० मुलांच्या नाकात तो फवारण्यात आला. मुलांचे रक्षण झाले नाही. काहींची वासाची जाणीव मात्र गेली. येथे क्षाराने विषाणू मरावा अशी अपेक्षाच नव्हती. त्याने नाकातील आवरण पोळून विषाणूची वाट बंद करावी, एवढाच हेतू होता.

दुसरा धागा आहाराचा. बिहारमधील बक्सर येथे जन्मलेले डॉ. आनंद प्रसाद यांनी इराणमध्ये व पुढे इजिप्तमध्ये वाढ खुंटलेले तरुण तपासले, आणि माणसालाही जस्ताची उणीव भासते हे १९६३ पर्यंत दाखवून दिले. अशा उणिवेने रोगप्रतिकारशक्ती क्षीण होते हेही पुढे स्पष्ट झाले. परंतु उणीव भरून काढणे निराळे आणि उणीव नसलेल्याला जादा जस्त देणे निराळे.

१९७४ मध्ये कोरांट व त्यांच्या सहकाऱ्यांनी पडशाला कारण होणारा ऱ्हायनोव्हायरस पेशींवर वाढवून पाहिला. जस्ताच्या आयनांमुळे विषाणूच्या लांबलचक प्रथिनाचे योग्य तुकडे पडत नाहीत आणि त्याची वाढ थांबते, असे त्यांना आढळले. दहा वर्षांनी टेक्सासमधील जॉर्ज ईबी यांनी रुग्णांवर प्रयोग केला. एका लहान मुलीने जस्ताची गोळी न गिळता चघळली आणि तिचे पडसे काही तासांत ओसरले, ही त्यामागची प्रेरणा. दर दोन तासांनी २३ मिलिग्रॅम जस्त असलेली गोळी चघळणाऱ्यांपैकी ८६ टक्के रुग्ण सात दिवसांत लक्षणमुक्त झाले. लटकी गोळी घेणाऱ्यांत हे प्रमाण ४६ टक्के होते. मात्र जस्ताची चव इतकी ओंगळ असते की आपण कोणती गोळी चघळतो आहोत हे रुग्णाला ओळखता आले असावे, अशी शंका घेण्यात आली. ती शंका रास्त वाटते.

पुढील प्रयोगांचे निष्कर्ष परस्परविरोधी आले. याचे एक कारण चव सुधारण्याच्या खटपटीतच असल्याचा युक्तिवाद करण्यात आला : सायट्रिक आम्ल मिसळले की ते जस्ताला बांधून ठेवते आणि तोंडात सुटे आयन फारसे उरत नाहीत. वेष्टनावर जस्ताचे प्रमाण लिहिलेले असे, सुट्या आयनांचे नव्हे!

टोरांटोच्या अनुभवानंतरही पडशासाठी नाकात घालण्याची जस्तयुक्त औषधे अमेरिकेत विकली गेली. वास गेल्याच्या १३० हून अधिक तक्रारी नोंदल्या गेल्यावर, २००९ च्या जूनमध्ये, तेथील औषध-प्रशासनाने त्यांच्याविरुद्ध इशारा दिला. कोविडच्या काळात आपल्याकडेही जस्ताच्या गोळ्या सर्रास घेतल्या गेल्या. परंतु २०२१ मध्ये प्रसिद्ध झालेल्या, २१४ रुग्णांवरील अमेरिकन चाचणीत रोज ५० मिलिग्रॅम जस्त घेऊनही लक्षणांचा काळ उल्लेखनीय प्रमाणात घटला नाही. पडशापुरते पाहता, २०२४ च्या कॉक्रेन समीक्षेत ३४ चाचण्या एकत्र तपासण्यात आल्या. पडसे टाळण्यात जस्ताचा उपयोग नगण्य दिसला. झालेले पडसे सुमारे दोन दिवसांनी आवरते होण्याचा संभव दिसला, पण हा पुरावा फारसा विश्वसनीय नाही असे समीक्षकांनीच नमूद केले आहे.