डुगडुगणाऱ्या शेगडीला भक्कम पाय

शहापूर-मुरबाड : माहुली किल्ल्याच्या पायथ्यापासून माळशेज घाटाच्या वाटेपर्यंत शहापूर व मुरबाड तालुक्यांत शेतघरे आणि कृषी पर्यटन केंद्रे उभी राहिली, तशी त्यांच्या अंगणात झाकणाची गोल शेगडीही आली. ‘केटल ग्रिल’ या नावाने ती ओळखली जाते. मका, पनीर, कोंबडी, मासळी असे सारे काही तिच्यावर भाजले जाते. मात्र दोन-तीन पावसाळे उलटले की ही शेगडी पायांत डुगडुगू लागते. एका पायाखाली दगड सरकवून वेळ मारून नेली जाते आणि पेटत्या निखाऱ्यांचे भांडे त्याच अवस्थेत उभे राहते. दुरुस्ती साधी आहे. तालुक्याच्या ठिकाणी मिळणाऱ्या सामानात ती होऊ शकते. दोष नेमका कोठे आहे, हे आधी ओळखावे लागते.

धोका कशात आहे?

मोठी शेगडी पंधरा ते पंचवीस किलो वजनाची असते आणि हे वजन कमरेच्या उंचीवर तोललेले असते. धगधगत्या कोळशाचे तापमान सहाशे-सातशे अंश सेल्सिअसच्या घरात जाते. ती कलंडली तर पहिला फटका बसतो तो जवळ उभ्या असलेल्या माणसाला. आणि तो बहुधा राखणदार, स्वयंपाकी किंवा भोवती खेळणारे मूल असतो. दुसरा धोका वणव्याचा. या दोन्ही तालुक्यांतील साग-ऐनाची पानझडी जंगले फाल्गुन-चैत्रात वाळून कोळ झालेली असतात. तानसा अभयारण्याचा परिसरही याच पट्ट्यात येतो. राखीव जंगलात आग लावणे वा पसरू देणे हा भारतीय वन कायदा, १९२७ नुसार गुन्हा आहे, तर अभयारण्यात तीच कृती वन्यजीव संरक्षण कायदा, १९७२ नुसार निषिद्ध आहे.

तीन पायांचे गणित

ही शेगडी जन्मली १९५२ मध्ये. अमेरिकेतील शिकागोच्या वेबर ब्रदर्स मेटल वर्क्स या कारखान्यातील जॉर्ज स्टीफन यांनी पाण्यावर तरंगणाऱ्या बोयाचा पोकळ गोल मधोमध कापला. खालच्या अर्ध्या भागाला पाय जोडले आणि वरच्या अर्ध्याचे झाकण केले. पाय तीनच का, याचे उत्तर आपल्याकडील तीन धोंड्यांच्या चुलीत आहे. तीन बिंदू नेहमी एकाच पातळीत येतात. त्यामुळे जमीन उंचसखल असली तरी तिवई डुगडुगत नाही. याचाच अर्थ असा, की तीन पायांची शेगडी हलत असेल तर दोष जमिनीचा नसून सांध्याचा आहे. पायाखाली दगड सरकवल्याने तो जाणार नाही.

तीन पायांची एक उणीवही आहे. पाय समान वर्तुळावर असतील तर चार पायांपेक्षा तीन पायांची वस्तू लवकर कलंडते. साठ सेंटीमीटर व्यासाच्या वर्तुळावर तीन पाय असतील, तर मध्यापासून कलंडण्याच्या कडेपर्यंत पंधरा सेंटीमीटर अंतर मिळते. चार पायांना ते सुमारे एकवीस सेंटीमीटर मिळते. त्यामुळे सैल होऊन आत सरकलेला एक पायही शेगडीचा तोल बिघडवण्यास पुरेसा ठरतो.

दोष कसा शोधावा?

शेगडी पूर्ण थंड झाल्यावर, शक्यतो दुसऱ्या दिवशी, राख काढून टाकावी. राखेत निखारे दबून राहतात. म्हणून ती पत्र्याच्या बादलीत घेऊन पाणी ओतावे. नंतर शेगडी सपाट फरशीवर ठेवून एका हाताने भांडे धरावे व दुसऱ्या हाताने एकेक पाय हलवून पाहावा. चार ठिकाणी लक्ष द्यावे : भांड्याला जोडलेली पायाची खोबण, पायांना बांधून ठेवणारी खालची जाळी वा तिकोनी कडी, चाकांचा आस आणि पायाच्या टोकाची टोपी. चाके असलेले दोन पाय आखूड व तिसरा लांब असतो. जुळणी करताना त्यांची अदलाबदल झाली असेल तर शेगडी एका अंगाला झुकते. टोपी हरवली असेल तरी पाय आखूड पडतो आणि नळीचे उघडे टोक मऊ जमिनीत रुतते.

दुरुस्तीचा क्रम

बऱ्याच शेगड्यांचे पाय खोबणीत केवळ घट्ट दाबून बसवलेले असतात. अशी शेगडी गोणपाटावर उलटी ठेवावी. प्रत्येक पाय पिळत आत दाबावा व लाकडी हातोडीने हलके ठोकून तळापर्यंत बसवावा. लोखंडी हातोडी वापरू नये. भांड्यावरचा मुलामा काचेसारखा असतो; तो टवका निघून उडाला की उघड्या पत्र्यावर गंज धरतो.

एवढ्यानेही पाय सैल राहिला तर शीतपेयाच्या ॲल्युमिनियमच्या डब्याची पातळ पट्टी कापावी, तिच्या कडा कानशीने घासाव्यात आणि पायाच्या टोकाला एक-दोन वेढे देऊन पाय पुन्हा ठोकावा. कागद, रबर किंवा प्लॅस्टिकची पाचर उष्णतेपुढे टिकत नाही. भेगा बुजवण्याची साधी लांबीही येथे उपयोगाची नाही.

कायमचा उपाय म्हणजे आरपार बोल्ट. खोबण आणि पाय यांतून एकच भोक पाडून पाच किंवा सहा मिलिमीटरचा स्टेनलेस स्टीलचा बोल्ट, स्प्रिंग वॉशर व दोन नट लावावेत. नायलॉनचे कडे असलेले नट टाळावेत. तापल्यावर ते मऊ पडतात. ड्रिल चालवताना डोळ्यांवर चष्मा असावा, कारण मुलाम्याचे कण उडतात. उघड्या पडलेल्या लोखंडाला बाहेरून दुचाकीच्या सायलेन्सरला लावतात तो उष्णतारोधक रंग लावावा.

खालची कडी अनेकदा दुर्लक्षित राहते. पाय फाकू न देण्याचे काम तिचेच असते. ती तुटली असेल तर वीस मिलिमीटर रुंद व तीन मिलिमीटर जाड अशा तीन लोखंडी पट्ट्या पायांना बोल्टने जोडून त्रिकोण पुरा करावा. त्रिकोणाच्या बाजू बदलल्याशिवाय त्याचा आकार बदलत नाही. म्हणून ही जोडणी भक्कम ठरते. चाकांच्या आसाचे भोक मोठे झाले असेल तर दोन्ही बाजूंना रुंद वॉशर घालावेत.

खोबणच तुटली असेल वा तिच्याभोवतीचा पत्रा गंजून विरला असेल, तर भांड्यावर वेल्डिंग करू नये. मुलामा जळतो व पातळ पत्र्याला भोक पडते. त्यापेक्षा फॅब्रिकेशनच्या दुकानातून लोखंडी कडे आणि बाहेर पसरलेले चार पाय असा स्वतंत्र सांगाडा करून घ्यावा व भांडे त्यात ठेवावे. त्यासाठी माप प्रत्यक्ष भांड्यावरून घ्यावे आणि खालची हवेची झडप मोकळी राहील, याची खात्री करावी. मात्र चार पायांना जमीन सपाट लागते. तेथे गवंड्याची पाणसळ लावून पाहावी.

पावसाळ्याची खबरदारी

ठाणे जिल्ह्यात वर्षाला सरासरी अडीच हजार मिलिमीटरच्या आसपास पाऊस पडतो. ओलसर राख क्षारयुक्त बनते आणि ॲल्युमिनियमला खाते. पायांवर दिसणारी पांढरी भुकटी हे त्याचेच लक्षण असू शकते. म्हणून मृगाआधी राख काढावी, पाय पुसावेत, बोल्ट आवळावेत आणि शेगडी छपराखाली ठेवावी. सर आली म्हणून पेटती शेगडी खोलीत नेण्याचा मोह मात्र टाळावा. जळत्या कोळशातून निघणाऱ्या कार्बन मोनॉक्साइडला वास नसतो आणि तो बंद जागेत जीव घेतो.

पेटवण्यापूर्वीची चाचणी

दुरुस्तीनंतर शेगडीत चार-पाच विटा ठेवून ती चारही बाजूंनी हलवून पाहावी. कोठेही आवाज वा हालचाल जाणवली तर त्या दिवशी ती पेटवू नये. जागा निवडताना भोवतीचे किमान तीन मीटरपर्यंतचे गवत व पाचोळा झाडून काढावा, मऊ मातीत प्रत्येक पायाखाली फरशीचा तुकडा ठेवावा आणि पाण्याची भरलेली बादली हाताशी असावी. कोणाला भाजलेच तर त्या जागेवर वीस मिनिटे साधे वाहते पाणी सोडावे. बर्फ, शाई किंवा टूथपेस्ट लावू नये. भाजल्याची जागा तळहाताहून मोठी असेल, अथवा चेहऱ्यावर वा सांध्यावर असेल, तर रुग्णाला विनाविलंब रुग्णालयात न्यावे.